दाबात ठेवलेली पाटी

गॅरेजमध्ये तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे बॅटरीबाई, आणि काम अडलं की पुन्हा ताई. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या त्या मोठ्या शेडमध्ये सतरा माणसं कामाला होती. पण एखादी जुनी गाडी आली आणि मालकाने "अजून किती वर्षं काढेल हो?" असं विचारलं, की सगळ्यांचे डोळे तिच्याकडेच वळायचे.

वय चव्वेचाळीस. केस आखूड, चष्मा दोरीला अडकवून गळ्यात, आणि निळ्या ओव्हरऑलच्या खिशात कायम पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं. गाडी तपासून झाली की यंत्रातून छापील अहवाल निघायचाच, पण तो कोणी वाचत नाही हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून ती प्रत्येक मालकाला आपल्या हाताने एक कार्ड लिहून द्यायची. बॅटरीत किती जीव उरलाय, तिला काय मानवत नाही, आणि कशाला घाबरायचं. लोक ती कार्डं गाडीच्या कप्प्यात जपून ठेवत. एकाने तर फ्रेम करून घेतलं होतं म्हणे.

त्या दिवशी सकाळी एक निवृत्त भूमापक नऊ वर्षांची गाडी घेऊन आले होते.

"मी रोज शंभर टक्के भरतो," ते अभिमानाने म्हणाले. "अर्धवट काम मला आवडतच नाही."

"आणि मग गाडी कुठे असते दिवसभर?"

"अंगणात. छान ऊन येतं आमच्याकडे."

"काका, तुम्ही रोज गळ्यापर्यंत जेवून उन्हात जाऊन झोपता का?"

"छे."

"मग तिला कशाला झोपवता?"

भूमापक ओशाळून हसले. तिने त्यांना स्टूलवर बसवलं आणि समजावून सांगितलं. तुमच्या गाडीच्या जातीची बॅटरी रोजच्या वापराला ऐंशी टक्क्यांपर्यंत भरावी, लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशीच पूर्ण. अगदी तळाला जाऊ देऊ नये. आणि उन्हापेक्षा सावली बरी. "बॅटरी म्हातारी होते, त्यात काही वाईट नाही. तुमच्या गाडीत एकाहत्तर टक्के जीव आहे, अजून बरीच वर्षं बाजारात नेऊन आणेल. पण कुठलीही बॅटरी, गाडीतली असो की हातातल्या फोनमधली, फुगली, तापली किंवा गोडसर वास यायला लागला, तर तिची समजूत काढत बसायचं नाही. लांब व्हायचं आणि अग्निशमनवाल्यांना बोलवायचं." हेच तिने कार्डावरही लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

साडेबारा वाजता तिचा डबा उघडला आणि फोन वाजला. तो कोणाचा, हे बघायची गरज नव्हती. वडील रोज याच वेळी, आपण जेवायच्या आधी, दुकानातल्या तारेच्या फोनवरून तिला फोन करत. बोलणं दोन मिनिटांच्या वर जायचं नाही.

वडील पुस्तकं बांधायचे. वय चौऱ्याहत्तर. सेहेचाळीस वर्षं एकाच खोलीत, एकट्याने. मुलगी त्यांना आप्पा म्हणे म्हणून गल्ली आप्पा म्हणे. सुटलेली पानं जुळवून ते गठ्ठे करत, दुधी दोऱ्याने शिवत, कण्याला सरस लावत आणि शेवटी सगळं दाबात घालत. दाब म्हणजे त्यांचं लोखंडी यंत्र. खाली जाड पाट, वर जाड पाट, मधे मनगटाएवढा स्क्रू आणि डोक्यावर बसच्या स्टिअरिंगसारखं चाक. आप्पांचं निम्मं आयुष्य त्या चाकाला धरून गेलं होतं. ओल लागून वाकडं झालेलं पुस्तक, पाण्यात पडून दुप्पट झालेला शब्दकोश, बोळा होऊन आलेला नकाशा, सगळं त्या दाबातून शहाणं होऊन निघे. फुगवटा म्हणून आप्पांना बघवायचाच नाही. कोणाच्या घरी सतरंजीची कड वर आलेली दिसली तरी ते बोलता बोलता पायाने दाबून ठेवत. तिची आई होती तेव्हा म्हणायची, "मी जरा गाल फुगवून बसले की हे दाबाकडे बघतात."

"जेवलीस का?" आप्पांनी विचारलं.

"बसतेच आहे. तुम्ही?"

"जरा काम हातात आहे. प्रसूतिगृहाच्या जन्मनोंदीच्या वह्या आल्यात, कणे मोडलेत पार. त्यातच ती तुझी पाटी फुगली होती."

पाटी म्हणजे तिचा जुना टॅब्लेट. नवीन घेतला तेव्हा, पाच वर्षांपूर्वी, तिने तो आप्पांना दिला होता. आप्पांनी त्याच्यासाठी पुठ्ठ्याची घोडी केली आणि कॅमेऱ्यातून टाके मोठे करून बघायला तो टेबलावर उभा केला. त्यांच्या डोळ्यांची चांगली सोय झाली होती.

तिचा हात डब्यातच थांबला. "फुगली म्हणजे?"

"अगं, काच एका बाजूने वर आली होती. नख जाईल एवढी फट. आत ओल गेली असणार, पुठ्ठ्याचं होतं तसं. काळजी करू नकोस, सकाळीच दाबात घातलीय. बसतेय छान."

"आप्पा. लोखंडी दाबात?"

"मग काय उशीखाली? दर अर्ध्या तासाने पाव फेरा देतोय. घाई केली तर काच तडकेल, एवढं कळतं मला."

सकाळी दोन रेघा ओढलेल्या हाताने तिने डबा सारला आणि ती उठली.

"आप्पा, नीट ऐका. चाकाला हात लावू नका. आहे तसं सोडून बाहेर जा."

"बाहेर कुठे?"

"रस्त्यावर. झेरॉक्सच्या दुकानात. कुठेही."

"सरस तापत ठेवलाय पोरी."

"राहू दे सरस."

"राहू दे कसा, करपेल ना. चल, जेव तू." आणि दोन मिनिटं झाली होती म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिने उलट फोन लावला. रिंग वाजत राहिली. हाताला सरस लागला असला की आप्पा फोन उचलत नाहीत. मग तिने शेजारच्या झेरॉक्सवालीला लावला. ही बाई आप्पांच्या दुकानाला लागून बारा वर्षं यंत्र चालवत होती आणि दिवसातून चार वेळा डोकावून त्यांची चौकशी करत होती.

"आप्पा ना? आत्ताच दारात होते," ती म्हणाली. "आत गेले. म्हणाले पावणेएकचा फेरा राहिलाय."

"त्यांना धरा. काहीही करून बाहेर ओढा. तो टॅब्लेट पेटू शकतो."

"कोण, पाटी? ती तर सकाळी एवढी…" झेरॉक्सवालीने वाक्य पुरं केलं नाही. पलीकडून चपला सरपटल्याचा आवाज आला.

गॅरेजची एक गाडी घेऊन ती निघाली. जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर घ्यायची काचेची ढाल शेजारच्या सीटवर टाकली. वाटेतच तिने अग्निशमन केंद्राला फोन केला. गाडी दुसऱ्या कामावर होती, पंचवीस मिनिटं लागतील म्हणाले. सिग्नलला थांबली तेव्हा तिला आप्पांचं टेबल जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं. मधोमध ती पाटी. मागून चार्जरची वायर, जी पाच वर्षांत कधी काढलेली तिने पाहिली नव्हती. आणि पाटीच्या उजव्या अंगाला, वीतभर अंतरावर, सरसाचं भांडं आणि त्याखालची विजेची शेगडी. दिवसाचे आठ तास शेक, चोवीस तास शंभर टक्के. दर रविवारी ती तिथे जायची, त्याच टेबलाशी चहा प्यायची. पाच वर्षं.

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल कधीच सुटला होता.

दुकानाच्या दारात झेरॉक्सवाली आप्पांच्या शर्टाची बाही दोन्ही हातांनी धरून उभी होती. आप्पा संकोचून गेले होते.

"बघ ना, लोक काय म्हणतील," ते मुलीला म्हणाले. "चोर धरावा तसं धरलंय हिने."

"फेरा दिलात?"

"मी पोचायच्या आधीच दिला," झेरॉक्सवालीने सांगितलं. "पुसत होते हात."

तिने खोलीत पाऊल टाकलं आणि तिला वास आला. फार नाही. सरसाच्या उग्र वासाखाली दबलेला, गोडसर, नखांच्या पॉलिशसारखा. गॅरेजमध्ये हा वास आला की सतरा माणसं न विचारता शेडबाहेर जातात.

तिने आधी भिंतीवरचा मुख्य खटका पाडला. शेगडी विझली. मग तिने खोलीकडे पाहिलं. हीच खोली ती लहानपणापासून बघत आली होती आणि आज पहिल्यांदा तिला ती जळाऊ मालाच्या हिशेबात दिसली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत पुठ्ठे. कापडाचे तागे. कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या पोत्यात. आणि या सगळ्याच्या मधे दाब. त्यात खाली तीन जाडजूड वह्या, वर लाकडी फळी, फळीवर पाटी, पाटीवर दुसरी फळी. आप्पा एका वस्तूसाठी दाब कधी अडवत नसत.

"चला आप्पा. आपण तिघं समोरच्या फुटपाथवर उभं राहू. बंब येतोय."

"आणि वह्या?"

"जळल्या तर जळल्या."

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती काही घाणेरडं बोलली होती. "एकेकच प्रत आहे त्यांची. पन्नास वर्षांच्या नोंदी. ती माणसं पुन्हा जन्माला येऊन नावं लिहून देणार आहेत का?"

"तुमच्यापेक्षा मोठ्या नाहीत त्या."

"मी दाराबाहेर गेलो आणि त्या जळल्या, तर मी जगून काय करू, तेवढं सांग."

ते हे ओरडून बोलले नाहीत. रोजचा हिशेब सांगावा तसं शांतपणे बोलले, आणि सरळ जाऊन दाबापाशी उभे राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप उचलून नेता येत नाही. झेरॉक्सवाली आणि ती मिळूनही त्यांना तिथून हलवू शकल्या नसत्या, ओढाताणीत दाबाला धक्का लागला असता तो वेगळाच.

तिने गाडीतून आणलेली ढाल चेहऱ्यावर चढवली, हातमोजे काखेत धरले आणि वरच्या फळीजवळ हाताची पाठ नेली. कोमट. अजून कोमटच. कार्डावर ती जे लिहायची त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. "बाहेर इमारतीसाठी वाळू पडलीय," ती झेरॉक्सवालीला म्हणाली, "लोखंडी घमेलं भरून मागच्या मोकळ्या जागेत ठेवा, आणखी एक भरून शेजारी. मग आत यायचं नाही." आणि तिने चाकाकडे हात नेला.

"थांब," आप्पा म्हणाले. "हा दाब तुला ओळखत नाही."

"आप्पा, वेळ नाही."

"म्हणूनच सांगतो. स्क्रूचा वरून तिसरा आटा झिजलाय. सोडताना तिथे चाक आपणहून पळतं आणि पाट हिसका देतो. वह्यांना चालतो हिसका. हिला चालेल?"

तिला हो म्हणता येईना. आत काय झालं असेल ते तिला माहीत होतं. म्हाताऱ्या बॅटरीत वायू धरतो, पिशवी फुगते, आणि आतले पातळ थर आधीच एकमेकांपासून हटलेले असतात. त्यांना सकाळपासून पाव पाव फेऱ्याने एकमेकांत रेटलेलं. एक हिसका पुरे होता. तिने स्वतःच्या चेहऱ्यावरची ढाल काढली आणि बापाच्या डोक्यावर बसवली. पट्टा आवळताना त्यांच्या मानेवरचा घाम तिच्या बोटांना लागला. मग तिने हातमोजे चढवले.

"यातून दिसत नाही नीट."

"तुम्हाला दिसायची गरज आहे का?"

"तेही खरंच," आप्पा म्हणाले आणि त्यांनी चाक धरलं.

लहानपणापासून तिने त्यांना घट्ट करतानाच जास्त पाहिलं होतं. सोडणं म्हणजे काय असतं ते तिने त्या दिवशी पाहिलं. ते चाक फिरवत नव्हते, त्याला वाट देत होते. डावा हात चाकावर, उजवा तळहात स्क्रूवर सपाट. अंगठ्याखालून लोखंड किती सरकलं हे ते मोजत होते. एक आटा. थांबले. दुसरा. थांबले. तिसऱ्याला त्यांनी पोट चाकाला टेकवलं, सगळं वजन टाकून ते अडवलं, आणि चाक पळायला बघत असताना केसाएवढं केसाएवढं पुढे जाऊ दिलं. स्क्रूमधून बारीक किरकिर आली.

वरचा पाट सुटला. फळी हलली, आणि तिच्याखालून पाटी हळूच वर आली. सकाळपासून बसवलेली काच एका बाजूने पुन्हा उचलली गेली, झोपलेल्याने कूस बदलावी तशी. आप्पांचा हात आपसूक तिकडे गेला, दाबून धरायला.

"हात मागे," ती म्हणाली. ते मागे झाले.

तिने दोन्ही फळ्यांसकट ती वस्तू उचलली. मागच्या दारापर्यंत नऊ पावलं. हात लांब, मान वळवलेली, तापलेल्या फळीची ऊब हातमोज्यांतूनही जाणवत होती. घमेल्यात तिने पाटी घसरवली, दुसऱ्या घमेल्यातली वाळू वरून ओतली आणि मागे सरकत दारापाशी आली. तिघं तिथून बघत राहिली.

एक मिनिट काही झालं नाही. दुसरंही गेलं.

"रुसली वाटतं," झेरॉक्सवाली म्हणाली. "एवढा तमाशा केला आणि आता…"

वाळूतून शीळ आली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते तशी, पण ती वाढतच गेली. पांढऱ्या धुराचा जाड झोत घमेल्यातून सुटला आणि पाठोपाठ वाळू बाजूला फेकत हातभर जाळ उभा राहिला. स्वयंपाकघरात दिसतो तसला हा जाळ नव्हता. तो जोर लावून बाहेर पडत होता, नळ फुटावा तसा. तिने दोघांना आत ओढून दार लावलं, तो धूर छातीत घेण्यासारखा नसतो. दाराच्या काचेतून त्यांना दिसलं की जाळ बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला, आणि मग वाळूवर काळी सालं तेवढी राहिली.

आप्पांनी ढाल काढली नव्हती. काचेमागे त्यांचा चेहरा कोरा झाला होता. "ही," ते म्हणाले आणि थांबले. "ही मी आज सकाळपासून सहा वेळा दाबली."

झेरॉक्सवाली खाली स्टुलावर बसली होती. तिचा हात एप्रनच्या खिशात होता आणि तो बाहेर येत नव्हता.

"काय झालं?" बॅटरीबाईने विचारलं.

झेरॉक्सवालीने खिशातून आपला फोन काढला, दोन बोटांत, शेपटी धरावी तसा. फोनला मधोमध रबरबँड बांधलं होतं. "मागच्या महिन्यात झाकण वर आलं होतं," ती हळू म्हणाली. "आप्पांनीच दाबून दिला. छान बसला होता. आता परत जरासा आलाय, म्हणून रबर लावलं."

तिने तो हातमोज्याने घेऊन मागच्या मोकळ्या जागेत, घमेल्यापासून लांब ठेवला. मग मुलगी बापाकडे वळली.

"आप्पा, असे किती?"

आप्पांनी ढाल काढून टेबलावर ठेवली. खणातून कामाची वही काढली. दाबात गेलेली प्रत्येक वस्तू ते त्या वहीत लिहीत, कोणाची, कशाने फुगली, किती फेरे दिले. त्यांचं अक्षर सुंदर होतं. ते बोटाने ओळी शोधत वाचत गेले. "फोन, झेरॉक्स, तीन फेरे. फोन, चष्मेवाले, अडीच. फोन, वरच्या मजल्यावरची शिक्षिका, तीन." पान उलटलं. "फोन, धोबी, दोन. फोन, कोपऱ्यावरच्या घरची सून, साडेतीन." ते वर बघेनात. "लोक विश्वासाने आणून देत होते गं. मी कोणाला नाही म्हटलं नाही."

बंब आला तेव्हा पाणी मारायला घमेलंच तेवढं उरलं होतं. अधिकाऱ्याने काळी सालं पाहिली, पुठ्ठ्यांनी भरलेली खोली पाहिली, आणि मग त्याने तिला ओळखलं. "बाई, मागच्या वर्षी आमच्या केंद्रावर तुम्हीच शिकवायला आला होतात ना? फुगलेल्या बॅटरीला हात लावायचा नाही, खोली सोडायची?"

"हो. मीच."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. झेरॉक्सवालीचा फोन त्याने वाळूच्या बादलीत घातला आणि एक भरलेली बादली बॅटरीबाईच्या हाती दिली. बाकीचे चार लगेच गोळा करून मागच्या मोकळ्या जागेत आणा, एकही चार्जिंगला लावू देऊ नका, आमचा माणूस इथेच थांबतो, असं सांगितलं.

आप्पा चपला घालत होते.

"तुम्ही बसा आप्पा. मी जाते. सांगते त्यांना."

"काम माझं आहे."

"चूक माझी आहे," ती म्हणाली. ती हे एवढा वेळ बोलायचं टाळत होती. "ती पाटी तुम्हाला दिली तेव्हाच तिची बॅटरी दोन तास टिकत नव्हती. मला माहीत होतं. म्हटलं, आप्पा कुठे हिंडतात, वायर लावून ठेवतील. गिऱ्हाइकाला दिली असती तर कार्ड लिहून दिलं असतं. तुम्हाला नाही लिहिलं."

आप्पांनी चपलेचा पट्टा लावला. "लिहून दिलं असतंस तर मी वाचलं असतं का, ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "चल."

चष्मेवाल्याने फोन आठवड्यापूर्वीच भंगारवाल्याला दिला होता. तिने भंगारवाल्याचा नंबर घेऊन तिथूनच फोन लावला. लोखंडाच्या ढिगाबाहेर, वेगळ्या डब्यात तो पडून होता. तसाच बाजूला ठेवा, हात लावू नका, बंबवाले येऊन नेतील, असं तिने सांगितलं. शिक्षिकेने कपाटातून काढून दिला, "बंद पडला होता, फोटो आहेत म्हणून ठेवला" म्हणाली. धोब्याचा इस्त्रीच्या टेबलावर होता, इस्त्रीपासून हातभर. त्याने तो उचलायच्या आधीच ती ओरडली आणि तो दचकून दोन पावलं मागे गेला. प्रत्येक दारात आप्पा पुढे होत. सेहेचाळीस वर्षांत त्यांच्या हातचं काम कधी परत आलं नव्हतं. आता ते स्वतः मागत फिरत होते, आणि दर वेळी आवाज आणखी खाली जात होता.

कोपऱ्यावरच्या घरची सून दार उघडून ओठांवर बोट ठेवूनच उभी राहिली. "हळू हं आप्पा. आत्ताच झोपलीय."

"मी तुमचा फोन दाबून दिला होता."

"हो ना, किती छान झाला. आता छोटीलाच देऊन टाकलाय. गाणी लावल्याशिवाय झोपत नाही."

"आत्ता कुठे आहे?" बॅटरीबाईने विचारलं.

"तिच्याजवळच. उशीखाली. चार्जिंग राहत नाही ना आता, म्हणून वायर लावूनच ठेवते."

तिने बादली आप्पांच्या हातात दिली आणि ती चपलांसकट आत शिरली. पडदे ओढलेल्या खोलीत तीन वर्षांची मुलगी पालथी झोपली होती, गाल उशीवर, तोंड उघडं. उशीखालून बारीक आवाजात गाणं येत होतं. तिने आधी भिंतीतली पिन काढली. मग एका हाताने मूल उचलून आईच्या खांद्यावर दिलं, उशी सारली आणि हातमोज्याने फोन उचलला. मागचं झाकण गादीसारखं वर आलं होतं. गाणं चालूच होतं.

दारात आप्पांनी बादली पुढे केली. फोन वाळूत गेला, वर वाळू लोटली, आणि ती बादली घेऊन झपाझप दुकानाकडे निघाली.

सून मुलीला थोपटत दारापर्यंत आली. तिला अजून काही उमगलं नव्हतं. "पण आप्पा, तुम्हीच तर नीट करून दिला होतात."

"मी सपाट केला होता बाळ. नीट नव्हता केला." आप्पांनी पुढे काही बोलायचा प्रयत्न केला. त्यांच्याजवळ सांगायला बरंच होतं, पाटीचं, जाळाचं, सहा वेळा दिलेल्या फेऱ्यांचं, पण त्यांची नजर सुनेच्या खांद्यावर गेली होती. छोटीच्या डाव्या गालावर, उशीच्या बाजूला, कानापासून हनुवटीपर्यंत फोनच्या आकाराचा एक चौकोनी लालसर चट्टा उठला होता.

"उष्णतेचा असेल," सून म्हणाली. "रोजच उठतो तिथे. संध्याकाळपर्यंत जातो."

आप्पांनी दाराची चौकट धरली आणि ते तिथेच पायरीवर खाली बसले. सून पाणी आणते म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते तिला कळलं नाही.